आत ओढलेला होकार

ग्रानसेले, एप्रिल. तळ्यावर अजून बर्फ आहे.

प्रिय इल्वा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की मी ठणठणीत आहे. रक्तदाब आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच आहे आणि दात अजून माझेच आहेत. आजवर माझं पत्र म्हणून तुला काय मिळालं, तर आईच्या पत्राच्या तळाशी 'पप्पा' एवढा एक शब्द, आणि तोही ती पेन हातात कोंबायची म्हणून. त्यामुळे एवढी पानं बघून म्हातारा भ्रमिष्ट झाला असं तुला वाटलं, तर दोष तुझा नाही. कॉफी घेऊन बस. तूवेला चित्र काढायला बसव. मला मुद्द्यावर यायला वेळ लागणार आहे, कारण हा मुद्दा एकदम सांगितला तर तुला पटायचा नाही.

तो कशाबद्दल आहे, एवढं मात्र आत्ताच सांगतो. गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, मी आईच्या थडग्यावर दिवा लावून घरी आलो, बूट काढतोय तोवर तुझा फोन आला. तू मला एक गोष्ट विचारलीस. मी उत्तर दिलं. मग तू म्हणालीस, "बरं, जाऊ दे पप्पा, मी आपलं सहज विचारलं," आणि तूवेच्या बालवाडीचं काहीतरी सांगायला लागलीस. तिथपासून तुझे फोन कमी झाले. नाताळला तुम्ही आला नाहीत, नुसतं पार्सल आलं. आता शेजारच्या एल्सीला तू लिहिलंयस, की पप्पा फोनवर बोलतच नाही, त्याला माझा फोन नकोसा झालाय, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मी इथे गोथेनबर्गला फ्लॅटच्या कागदांवर सही करतेय. एल्सी म्हणाली की हे मला सांगायचा तिचा बिलकूल विचार नव्हता. मग तिने चष्मा लावला आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी सही होण्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं, एवढ्यासाठी माझी ही धडपड आहे.

फोनपासून सुरुवात करतो. दाराजवळचा तो भिंतीवरचा फोन तुला आठवत असेलच. आपण त्याला आईचा फोन म्हणायचो, कारण मी उचलला तरी पलीकडून 'मायलिस आहे का' एवढंच विचारलं जायचं. ती गेल्यावरसुद्धा तो चालू होता, आणि रविवारी त्यावर तू यायचीस. मूस हरणांच्या शिकारीचे दिवस संपले आणि फोन कंपनीची माणसं येऊन रस्त्याकडेच्या तारा खांबांसकट उपटून घेऊन गेली. मग तू हा नवा फोन पाठवलास. सोबतची तुझी चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे. 'पप्पा, हा वारा, भांड्यांचा आवाज, रेडिओ, सगळं गाळून टाकतो. आता तुझा आवाज स्वच्छ ऐकू येईल.' मला तो फोन फार आवडला. कोणी विचारलं तर मी मुद्दाम सांगायचो की लेकीने दिलाय.

आता जानेवारी. आपल्या आरोग्य केंद्रात फोनवर बोलणारं यंत्र बसवलं. पूर्वी सकाळी आठला फोन लावायचा आणि गुनेल नर्सचा आवाज येईपर्यंत ते वाद्यसंगीत ऐकत बसायचं, हे तुला माहीत आहे. आता पहिल्या घंटीला एक बाई उचलते. बाई म्हणजे आवाज. चांगला आवाज आहे, जरा दक्षिणेकडचा, पण आपण चालवून घेतो. गोळ्या लिहून द्यायच्या, तपासणीची वेळ द्यायची, गाडी ठरवायची, ही सगळी कामं तीच करते. मी पहिल्यांदा फोन केला तर म्हणाली, "एवर्ट, तुम्हांला रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा हव्या आहेत, बरोबर ना?" मी म्हटलं, श्युप.

तुला वेगळं सांगायला नको. ओठ जरा पुढे काढून हवा आत ओढली, की झाला आपला होकार. माझा बाप असाच हो म्हणायचा, त्याचा बापही. तुझ्या आईने तर लग्नात, देवापुढे, असाच होकार दिला. पाद्री दक्षिणेतून नुकता आलेला होता. तो बिचारा वाट बघत उभा राहिला, त्याला वाटलं नवरीचं मन डळमळतंय. अख्ख्या चर्चने तिचा हो ऐकला होता, तो एकट्या पाद्र्याला तेवढा कळला नव्हता. शेवटी मागच्या बाकावरून माझा चुलता म्हणाला, "हो म्हणाली ती, पुढे वाच." आणि आपल्या घरात गप्प राहणं म्हणजे नाही, हेही तुला पक्कं ठाऊक आहे. तू मोपेड मागितलीस तेव्हा मी गप्प होतो. पंधराव्या वर्षी तंबू घेऊन गाण्याच्या जत्रेला जायचं म्हणालीस, तेव्हाही गप्प होतो. तू दार आपटून वर निघून गेलीस, पण अर्थ बरोबर लावलास.

तर मी म्हटलं श्युप, आणि ती बाई म्हणाली, "मला ऐकू आलं नाही. तुम्ही आहात ना?" मी परत श्युप. "काही हरकत नाही, मी थांबते, सावकाश सांगा." मी एवढी हवा आत ओढली की टेबलावरचं वर्तमानपत्र हललं. मग ती फार गोडीत म्हणाली की आत्ता बोलणं सोयीचं दिसत नाही, पुन्हा कधीही फोन करा, आणि तिने फोन ठेवून दिला. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाला चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर बघतो तर जो तो तेच सांगत होता. मशीन बहिरं आहे यावर आमचं एकमत झालं. सरळ तोंड उघडून मोठ्याने 'हो' का नाही म्हणायचं, असं तुला गोथेनबर्गला बसून वाटेल. पण इथे मोठ्याने 'हो' आपण कधी म्हणतो सांग? भांडणात. 'हो, कळलं, पुरे आता' असं सुनवायचं असेल तेव्हा. ज्या बाईने मला अजून काही केलं नव्हतं, तिच्या अंगावर कसं ओरडायचं?

एल्सीची तर भलतीच गंमत झाली. तिचा फोन जुना, बटणांचा आहे, काही गाळत-बिळत नाही. त्यामुळे तिचा श्वास पलीकडे पोचला. बाईने विचारलं, "तुम्हांला श्वास घ्यायला त्रास होतोय का?" एल्सी भांबावली, आणि भांबावली की ती जे करते तेच तिने केलं, पुन्हा दोनदा श्युप, श्युप. काही मिनिटांत गुनेलची गाडी दारात हजर. एल्सी केसांना कुरळे करायच्या पिना लावून दार उघडायला गेली. गुनेल म्हणते की इतका निरोगी रोगी तिने नोकरीत बघितला नव्हता. दोघींनी मग कॉफी घेतली, आणि गुनेलच्या तिथेच सगळा घोळ लक्षात आला. ती आपल्याच गावची, तिचाही होकार आतच जातो.

आता गुनेलचं सांगतो, कारण तुला ती आवडायची. पूर्वी तिची सकाळ फोनवर जायची आणि दुपार त्या फोनची टिपणं लिहिण्यात. आता ती कामं यंत्र करतं आणि ती गाडी काढून घरोघरी जाते. आईच्या शेवटच्या दिवसांत ती किती घाईत असायची ते तू पाहिलंयस, कोट न काढता दारातच उभी असायची. परवा माझ्याकडे आली तर कोट काढून खुंटीला टांगला. पायाची सूज बघितली, बटाट्याचे पाल्ट उकडले होते ते लोणी नि लिंगनबेरीचा मुरांबा घालून दोन खाल्ले आणि म्हणाली, "एवर्ट, तू मीठ कमी कर आणि माणसांत जास्त जा." सगळंच गोड झालंय असं नाही. फोनवर तिच्याबरोबर बसणाऱ्या मुलीला आता शहरातल्या कचेरीत जावं लागतं, रोज लांबचा रस्ता, ती त्या यंत्राला नावं ठेवते आणि ठेवणारच. पण मी जंगलात लाकूडतोडीचं पहिलं मोठं मशीन चालवलेला माणूस आहे. त्या वेळी माझा बाप हातात करवत घेऊन वर्षभर माझ्याशी तिरकाच बोलायचा. त्यामुळे यंत्र आलं की कोणाचं काय जातं आणि कोणाचं काय वाचतं, दोन्ही मला दिसतं.

मार्चमध्ये गुनेलने चर्चच्या सभागृहात कॉफीला बोलावलं. कारण विचारलं तर म्हणाली, यंत्र बनवणारी एक मुलगी येतेय, तिला आपला होकार शिकायचाय. हे ऐकल्यावर कोण घरी बसतो? झाडून सगळे म्हातारे हजर. मुलीचं नाव किमिया, वय तुझ्याएवढंच असेल, अंगात शहरी पातळ जाकीट, आणि बिचारीने दुकानातून आणलेला केक सोबत आणला होता. एल्सीला तिची दया आली. तिने घरून कॉफीत टाकायचं चीज आणलं आणि तिला खायला शिकवलं. किमियाने आधी सगळ्यांची माफी मागितली. म्हणाली, "यंत्राला शिकवताना आम्ही लाखो आवाज ऐकवले, पण तुमच्यासारखे कोणाच्या लक्षातच आले नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तुम्हांला कसला तरी धक्का बसलाय." कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "धक्का नंतर बसला, बिल आलं तेव्हा." ती मनापासून हसली, आणि तिथून तिचं नि आमचं जमलं.

तिने टेबलावर छोटा माइक ठेवला आणि एकेकाला म्हणाली, आता हो म्हणा. काय सांगू इल्वा, एकालाही जमेना. कोणी म्हण म्हटल्यावर दिलेला होकार खोटाच निघतो, कोणी शीळ घालतंय असं वाटायचं. तेव्हा किमिया म्हणाली की खरे प्रश्न विचारल्याशिवाय खरा हो यायचा नाही, आणि ते काम गुनेलवर सोपवलं. गुनेलला तेवढंच पाहिजे होतं. तिने एल्सीला विचारलं, "तू पत्त्यांत लबाडी करतेस ना?" एल्सीच्या तोंडून श्वास गेलासुद्धा, आणि मग ती लाल झाली. किमिया खूश. असं एकेकाचं गुपित बाहेर काढत गुनेल माझ्यापर्यंत आली. मला वाटलं, शिकारीत नेम चुकल्याचं काहीतरी विचारेल. तिने माझ्याकडे बघितलं, आवाज जरा खाली आणला आणि विचारलं, "एवर्ट, मायलिसची आठवण येते?"

मी श्वास आत ओढला.

एल्सीने माझ्या कपात कॉफी ओतली, आधीच भरलेल्या कपात. किमियाला वाटलं असेल की नमुना चांगला मिळाला. तिने विचारलं, "हा सगळ्यांना ऐकवू का? यंत्राला काय ऐकू येतं ते कळेल." मी मान डोलावली. माझा फोनही तिने मागून घेतला होता आणि त्याच्यातूनच आवाज पुढे पाठवला होता, म्हणजे फोन मधल्या मध्ये काय करतो तेही दिसावं. तिने बटण दाबलं. गुनेलचा आवाज आला, अगदी स्वच्छ, 'एवर्ट, मायलिसची आठवण येते?' आणि पुढे काही नाही. खुर्चीचं करकरणं नाही, हीटरची घरघर नाही, मी नाही. नुसती पोकळी. मग गुनेलचं 'बरं.' किमिया समजावत होती की फोनला हा श्वास वाऱ्यासारखा वाटतो, म्हणून तो साफ करताना पुसून टाकतो, नंतर यंत्रापर्यंत काही पोचतच नाही. दुसऱ्यांदा तिने साफ न केलेला आवाज लावला, त्यात माझा हो होता. पण माझे कान पहिल्यातच अडकले होते. माझ्या बायकोची आठवण येते का म्हणून विचारलं, आणि मी गप्प बसलोय.

मी किमियाला विचारलं, "हे फक्त यंत्राशी बोलताना होतं का?" ती म्हणाली, नाही, हे तुमचा फोनच करतो, पलीकडे कोणीही असो. मी म्हटलं, "माणूस असला तरी?" ती म्हणाली, "माणूस असला तरी." मी म्हटलं, "मुलगी असली तरी?" तिने माझ्याकडे बघितलं आणि माझा फोन जवळ ओढला. गुनेलने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

नोव्हेंबरात तू विचारलं होतंस, "पप्पा, योनातानपासून मी वेगळी झालेय. मी आणि तूवे काही काळ घरी येऊन राहिलो तर चालेल का? वरच्या खोल्यांत. माझं काम काय, कुठूनही होतं." शब्द न् शब्द पाठ आहे माझा. आणि मी उभ्या उभ्या श्वास आत ओढला होता, इतका की छातीत कळ आली. जन्मात एवढा मोठा हो मी कोणाला दिला नसेल. तू ऐकलीस ती पोकळी. तू ऐकलंस की बाप गप्प आहे, आणि बाप गप्प असला की त्याचा अर्थ काय, हे मीच तुला शिकवलं होतं. तुझं काहीच चुकलं नाही. माझंही काही चुकलं असं मला वाटत नाही, खूप विचार करून सांगतो. तू म्हणालीस 'जाऊ दे', तेव्हा मला वाटलं तुझा विचार बदलला, योनातानशी पुन्हा जुळत असेल, मग आपण मध्ये कशाला पडा. पुन्हा कसं विचारायचं? आपल्याकडे माणूस एकदा विचारतो आणि एकदा उत्तर देतो. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे गळ्यात पडणं. तू तिकडे बसून राहिलीस, मी इकडे.

आणि म्हणून मी त्या यंत्राचे उपकार मानतो. एल्सी हसते मला, पण मानतो. त्या बाईला लाज नाही. तिला ऐकू आलं नाही तर ती म्हणते, मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारते, आणि पुन्हा, आणि थांबते म्हणते, आणि तिच्या आवाजात रुसवा नसतो. तिने जानेवारीत मला तीनदा विचारलं, त्यातूनच हे सगळं उघड झालं. एखादं माणूस तिच्या जागी असतं तर मनातल्या मनात काहीतरी धरून गप्प बसलं असतं, आणि मी अजूनही हा नवा फोन लोकांना कौतुकाने दाखवत फिरलो असतो. मला वाटतं, आपल्या गावाने तिला श्वास शिकवला तसं तिच्याकडून हे एवढं शिकायला हरकत नाही.

त्याच संध्याकाळी तुला फोन का नाही केला, असं विचारशील. केला. किमियाने फोनमधलं ते गाळायचं बंद करून दिलं होतं, आणि मी दारातच बूट न काढता तुला फोन लावला. तू उचलला नाहीस, कामात असशील. निरोप ठेवा असं आलं. काय बोलायचं ते सगळं तोंडावर होतं, आणि टुंग वाजल्यावर माझ्याकडून काय गेलं असेल? श्युप. जन्माची सवय. तुझ्या फोनमध्ये मार्चमधला एक रिकामा निरोप असेल, पुसला नसशील तर ऐकून बघ, आता त्यात मी आहे. मग मला वाटलं, एवढ्या मोठ्या गोष्टीचं उत्तर हातात धरता येईल असं असावं. पुन्हा वाचता येईल असं.

एल्सी म्हणाली, "यंत्रालाच सांग की, सुंदर पत्र लिहून देतं. मी बहिणीला तसंच लिहिलं." तिच्या नातवाने दिलेल्या संगणकावर आम्ही दोघं बसलो. मी दोन वाक्यं सांगितली, संगणकाने पानभर लिहिलं. वाचून बघतो तर कोणी अतिशय सभ्य गृहस्थ आपल्या कन्येला कळवत होते की त्यांचं द्वार सदैव उघडं आहे. मी एल्सीला विचारलं, हा कोण? पण त्याने लिहायच्या आधी मला एक प्रश्न विचारला होता, तो बरोबर होता. विचारलं होतं, हे पत्र वाचल्यावर तिला नेमकं काय कळलेलं असावं? मी त्या प्रश्नापुढे इतका वेळ बसलो की एल्सीचा केक भाजून झाला. ते पत्र मी तिथेच सोडलं. प्रश्न घरी घेऊन आलो आणि हे लिहायला बसलो.

मधल्या काळात बाई शिकली बरं का. गेल्या आठवड्यात गोळ्यांसाठी फोन केला. "मंगळवारी सकाळी गुनेलला पाठवू का?" मी श्वास ओढला, आणि ती लगेच म्हणाली, "छान, मग मंगळवारी सकाळी." तेवढ्याशा गोष्टीने मी बाकावर बसलो आणि डोळे पुसले. गुनेलला सांगितलं तर म्हणाली, आता दक्षिणेतून आलेल्या पाद्र्यांना पण शिकवू. दुकानातल्या टेबलावर जो तो आता तिला फोन करायला निमित्त शोधतो. एकाने नुसती हवा कशी आहे ते विचारलं म्हणे.

शेवटचं पान आहे, आणि माझा हात दुखतोय. पत्राला भुसा चिकटलेला दिसेल तो झटकून टाक. तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो होतो. आईचा विणायचा माग सोडवून खाली धान्याच्या कोठारात नेला, तळ्याकडच्या खोलीची खिडकी काढून नवी बसवली, तुझ्या कामासाठी इंटरनेटची तार वरपर्यंत ओढून घेतली. तू आली नाहीस तरी मी थांबलो नाही, का ते मला सांगता आलं नसतं. हिवाळाभर थोडं थोडं करत गेलो. तूवेसाठी पाइनचा पलंग केला आहे, लांबीला जरा जास्त, म्हणजे ती वाढली तरी पुरेल. काल भिंतींना शेवटचा हात दिला, पिवळा, एल्सीने निवडला, आवडला नाही तर तिला बोल. फ्लॅट घेऊ नको असं मी म्हणत नाही. गोथेनबर्ग तुझं आहे, तुझं काम आहे, मैत्रिणी आहेत, तू ठरवशील ते ठीक. फक्त मी नाही म्हटलं असं समजून सही करू नको. एल्सी तिकडेच बहिणीकडे निघालीय, रेल्वेने, हे पत्र ती स्वतः तुझ्या हातात देईल आणि कॉफी मिळेपर्यंत हलणार नाही. तू नोव्हेंबरात जे विचारलंस त्याचं उत्तर हे आहे: हो. तुम्ही दोघी या. तेव्हाही हो होतं, आजही हो आहे. आता फोन कर आणि परत एकदा विचार, मी मोठ्याने म्हणेन, कोठारात सराव केलाय. आणि एवढं करूनही ऐकू आलं नाही, तर रुसू नको इल्वा, सरळ म्हण की ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगेन.

तुझाच,
पिवळा रंग अजून नखांत असलेला
पप्पा